विद्यार्थ्यांसह बर्लिनमध्यें तीन दिवस

देशाटनानें मनुष्याच्या अंगीं चातुर्य येतें, असें आपल्याकडे मुलांकडून लहानपणींच पाठ करून घेतात. मात्र देशाटन कसें करावें आणि परत आल्यावर त्याचा जमाखर्च कसा मांडावा, हें सहसा कोणी सांगत नाहीं. पूर्वीं हा प्रश्न थोड्याच घरांपुरता होता. ज्याचा मुलगा बॅरिस्टरीसाठीं विलायतेस जाई, त्याच्या घरीं कांहीं आठवड्यांनीं टपाल येई आणि तें पत्र सबंध आळी वाची. आतां ती स्थिति राहिली नाहीं. घरचें, भावकींतलें किंवा निदान शेजारचें एखादें मूल परदेशांत शिकत नाहीं, असें कुटुंब आमच्या वाचकवर्गांत शोधूं गेल्यास क्वचितच सांपडेल. त्यांतही अलीकडे जर्मनीकडे जाणारांचा ओघ फार वाढला आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी द्यावी लागत नाहीं, हें त्याचें एक उघड कारण होय. २०२२-२३ च्या शैक्षणिक वर्षांत तर त्या देशांतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा क्रमांक पहिला लागला.

गेल्या वैशाखांत अशाच एकोणीस मराठी विद्यार्थ्यांच्या मेळ्याबरोबर बर्लिन शहर पाहण्याचा योग आम्हांस आला. मुलगे अकरा, मुली आठ. कोणी आखेनहून आलेले, कोणी ड्रेस्डेनहून, कोणी श्टुटगार्टहून. बहुतेक यंत्रविद्येचे व संगणकशास्त्राचे. मुक्काम एका युवक-वसतिगृहांत होता. तेथील सामाईक स्वयंपाकघरांत सकाळीं पोहे आणि रात्रीं बटाट्याचा रस्सा व भात असा बेत ठरलेला असे. दुपारीं ज्यास जें रुचेल व परवडेल तें त्यानें खावें. तुर्की दुकानांतील फलाफेल शाकाहारी मंडळींच्या फार कामास आलें. फोडणीच्या वासानें वसतिगृहांतील इतर देशांचे पाहुणे डोकावून जात, आणि दुसऱ्या रात्रीं तर दोन पोलिश मुली ताटल्या घेऊन पंगतीसच बसल्या.

बर्लिन हें शहर पसरट आहे. क्षेत्रफळ सुमारें ८९० चौरस किलोमीटर, वस्ती छत्तीस लक्षांहून अधिक. पॅरिस-रोमसारखी पुरातन राजधानीची ऐट त्याला नाहीं. जुन्या नगराचा मोठा भाग दुसऱ्या महायुद्धांत बाँबच्या वर्षावानें व शेवटच्या लढाईनें पडला. जें उभें आहे त्यांतील पुष्कळसें मागाहून बांधलेलें वा डागडुजी केलेलें. त्यामुळें ह्या शहरांत केवळ शोभा पाहावयास येणाराची थोडी निराशा होते. परंतु गेल्या शंभर वर्षांचा युरोपचा इतिहास एकाच गांवीं पाहावयाचा असेल, तर ह्याहून सोयीचें गांव दुसरें नाहीं.

पहिल्या दिवशीं आम्ही ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून आरंभ केला. हा दरवाजा १७८८ ते १७९१ ह्या काळांत बांधला गेला. वरचा चार घोड्यांचा रथ नेपोलियननें १८०६ सालीं पॅरिसला नेला आणि त्याचा पाडाव झाल्यावर १८१४ सालीं तो परत आला. १९६१ पासून १९८९ पर्यंत ह्या दरवाजासमोरूनच बर्लिनची भिंत जात असे व त्याखालून कोणासही जातां येत नसे. आतां तेथें जगांतील यच्चयावत् भाषा कानीं पडतात. आमच्या मंडळींनींही यथासांग छायाचित्रें काढलीं आणि तीं क्षणार्धांत नाशिक, सांगली व डोंबिवलीस पोंचलीं.

तेथून हाकेच्या अंतरावर राइखस्टाग, म्हणजे जर्मन लोकसभेचें मंदिर आहे. १८९४ सालीं पूर्ण झालेली ही इमारत १९३३ च्या फेब्रुवारींत आगीनें जळाली, आणि त्या आगीचें निमित्त करून हिटलरच्या सरकारनें नागरिकांचे मूलभूत हक्क रद्द केले. पुढें कित्येक वर्षें ती भग्नावस्थेंत होती. देश एक झाल्यावर नॉर्मन फॉस्टर ह्या इंग्रज वास्तुविशारदानें तिची पुनर्रचना केली व १९९९ सालीं वर कांचेचा घुमट बसविला. आगाऊ नांव नोंदविलें कीं कोणासही फुकट वर जातां येतें. घुमटाच्या आंतून चक्राकार चढण आहे. खालीं पाहिलें तर थेट सभागृह दिसतें. प्रतिनिधि खालीं आणि प्रजा त्यांच्या डोक्यावर, अशी ही योजना आहे. १९४५ सालीं शहर जिंकणाऱ्या रशियन सैनिकांनीं कोळशानें व खडूनें भिंतींवर जीं अक्षरें खरडलीं, त्यांतलीं कांहीं आंतील भिंतींवर मुद्दाम राखून ठेविलीं आहेत. जिंकणाऱ्या शत्रूच्या हातचें लिखाण स्वतःच्या लोकसभेंत जपावें, ही कल्पना आमच्या एका विद्यार्थ्यास पटेना. 'रंग देऊन टाकला असता तर काय बिघडलें असतें?' असें तो पुन्हां पुन्हां विचारीत होता. उत्तर देण्याची घाई आम्हीं केली नाहीं.

दुपारीं आम्ही युरोपांतील यहुदी बळींच्या स्मारकाशीं आलों. २००५ सालीं खुलें झालेल्या ह्या स्मारकांत लहानमोठे २७११ सिमेंटचे ठोकळे ओळींनीं उभे आहेत. त्यांवर नांव नाहीं, तिथि नाहीं, नक्षी नाहीं. कडेचे ठोकळे गुडघ्याइतके असतात; आंत शिरावें तसतशी जमीन खोल जाते, ठोकळे डोक्यावर चढतात आणि सोबती दिसेनासे होतात. आमच्यांतील दोघे मुलगे एका ठोकळ्यावर बसून हंसतमुखानें छायाचित्र घेऊं लागले, तेव्हां एका मुलीनें त्यांस खडसावलें. 'दशपिंडाच्या ठिकाणीं असे बसाल का?' एवढेंच ती बोलली. मुलगे मुकाट्यानें उतरले. उपदेशाचीं दहा वाक्यें जें करूं शकलीं नसतीं, तें ह्या एका घरगुती दाखल्यानें झालें.

संध्याकाळीं बेबेल चौकांत गेलों. समोर हुंबोल्ट विद्यापीठ, बाजूस ऑपेरागृह. चौकाच्या मधोमध जमिनींत एक कांच बसविली आहे. तींतून खालीं पाहिलें कीं पांढऱ्या रिकाम्या फळ्यांची एक खोली दिसते. वीस हजार पुस्तकें मावतील एवढ्या त्या फळ्या आहेत, पुस्तक मात्र एकही नाहीं. मिखा उल्मान ह्या शिल्पकाराची ही १९९५ सालची रचना. १९३३ च्या मे महिन्याच्या १० तारखेस ह्या चौकांत हजारों पुस्तकांची होळी झाली. ती सैन्यानें केली नव्हती, गुंडांच्या टोळीनेंही केली नव्हती. तिच्यांत पुढाकार विद्यार्थ्यांच्या संघटनेचा होता, आणि कांहीं प्राध्यापकही तेथें हजर होते. हें सांगितल्यावर आमचा एकोणीस जणांचा गलबला एकदम थांबला. सैनिकाच्या किंवा हुकूमशहाच्या पापाकडे लांबून बोट दाखवितां येतें. येथें पाप करणारे ह्यांच्याच वयाचे, ह्यांच्यासारखेच पाठीवर पुस्तकांचें ओझें वाहणारे होते.

दुसरा दिवस संग्रहालयांच्या बेटावर गेला. स्प्रे नदीच्या दोन फांट्यांमधील ह्या बेटावर पांच मोठीं संग्रहालयें आहेत. नव्या संग्रहालयांत इजिप्तची राणी नेफर्टिटी हिचा सुप्रसिद्ध अर्धपुतळा पाहिला. सव्वातीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचा हा पुतळा १९१२ सालीं जर्मन संशोधकांना अमार्ना येथील उत्खननांत मिळाला. त्याच्या दालनांत छायाचित्र काढण्यास मनाई आहे. त्यामुळें मंडळींनीं तो डोळ्यांनींच पाहिला, आणि म्हणूनच बहुधा सर्वांत अधिक वेळ पाहिला. इजिप्तमधून त्याच्या परतीची मागणी वारंवार झाली आहे, हें कळल्यावर 'आमचा कोहिनूर' असा विषय निघणें ओघानेंच आलें. दुपारीं बेर्नाउअर रस्त्यावर भिंतीचा राखून ठेविलेला भाग पाहिला. भिंतीपायीं बर्लिनमध्यें निदान १४० माणसांचा जीव गेला. त्यांचीं छायाचित्रें तेथें ओळीनें लाविलीं आहेत. त्यांत लहान मुलेंही आहेत.

ह्या सर्व भटकंतींत एक बारीकशी वस्तु आम्हांस जागोजाग भेटत होती. फुटपाथांत, घरांच्या दारांपुढें, चार बोटांच्या लांबी-रुंदीचे पितळी चौकोन बसविलेले आहेत. प्रत्येकावर येथें अमुक राहत असे, जन्म अमुक सालीं, धरून नेलें अमुक सालीं, मारलें अमुक ठिकाणीं, एवढाच मजकूर असतो. गुंटर डेम्निग नांवाच्या कलावंतानें सुरू केलेल्या ह्या उपक्रमांत २०२३ पर्यंत युरोपभर एक लाख चौकोन बसले. वाचावयाचें तर खालीं वांकावें लागतें. आमच्या वसतिगृहाच्या गल्लींतही असे चार चौकोन एका दारापुढें होते. आईबाप आणि दोन मुलें.

तिसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमावरून मात्र आदल्या रात्रीं चांगलाच वाद माजला. बहुमत पोट्सडामचा राजवाडा पाहण्याच्या बाजूचें होतें, व कांहींना बाजारहाट करावयाची होती. जीवशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीनें मात्र हट्ट धरला कीं डालेम भागांतील एक घर पाहावें. त्या घरांत १९२८ च्या सुमारास एक मराठी बाई शिकण्यास आली होती. 'राजवाडे सगळीकडे असतात,' असें तिचें म्हणणें. 'नुसतें घर पाहून काय मिळणार?' असें इतरांचें. भात निवून गेला तरी निकाल लागेना. अखेर मेळ्याचे दोन भाग झाले. दहा जण पोट्सडामला गेले, नऊ जण आमच्याबरोबर भुयारी गाडीनें डालेमकडे निघाले.

विद्यापीठाच्या स्थानकावर उतरून थोडें चाललें कीं ईने रस्ता लागतो. दोहों बाजूंस झाडी, टुमदार घरें, सायकली. बावीस क्रमांकाच्या इमारतींत सध्यां राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. १९२७ सालीं ही इमारत कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजनन ह्या विषयांच्या शाखेसाठीं उघडण्यांत आली. तिचा प्रमुख ऑयगेन फिशर. जर्मनीच्या आफ्रिकेंतील वसाहतींत मिश्र संततीच्या लोकांचीं मापें घेऊन त्यानें १९१३ सालीं ग्रंथ लिहिला होता आणि वंशशास्त्रांत त्याचा शब्द प्रमाण मानीत. ह्या गृहस्थाच्या हाताखालीं प्रबंध लिहिण्यास आलेली बाई म्हणजे इरावतीबाई कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत झाला. शिक्षण पुण्यास हुजूरपागेंत व फर्ग्युसन कॉलेजांत. मुंबईस घुर्ये ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं १९२८ सालीं एम्. ए. चा जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय चित्पावन ब्राह्मण हा होता. त्याच वर्षीं, पतीच्या पाठिंब्यावर, त्या बोटीनें जर्मनीस गेल्या. वय अवघें तेविशीच्या घरांतलें. म्हणजे आमच्या बरोबरच्या मुलींएवढेंच. फिशरनें त्यांस मानवी कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंच्या विषमतेचा विषय दिला. ही विषमता वंशपरत्वें निराळी असावी, आणि गोऱ्या युरोपीय लोकांच्या श्रेष्ठ बुद्धीचें गमक तींत सांपडावें, अशी त्याची अटकळ होती. बाईंनीं निरनिराळ्या खंडांतील १४९ कवट्या मोजल्या. मापें लिहिलीं, ताडून पाहिलीं, आणि वंशाचा त्या विषमतेशीं कांहीं संबंध दिसत नाहीं असा निष्कर्ष मांडला. १९३० सालीं त्यांना बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. परका देश, परकी भाषा, पदवी देणें न देणें ज्याच्या हातीं तो गुरु एका मताचा, आणि समोरचे आंकडे दुसरें सांगणारे. त्या बाईंनीं आंकड्यांची साक्ष मानली.

पुढची कथा वाईट आहे. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षीं फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरु झाला. जेथें पुस्तकें जळालीं त्या चौकासमोरचेंच तें विद्यापीठ. त्याच्यामागून १९४२ सालीं संस्थेवर फेर्शुअर आला. त्याचा शिष्य योझेफ मेंगेले आउश्विट्झच्या छावणींत डॉक्टर होता, आणि तेथील कैद्यांच्या शरीरांचे अवयव ह्याच घरीं तपासणीसाठीं येत. युद्ध संपल्यावर मेंगेले पळाला. फेर्शुअरला मात्र १९५१ सालीं म्युन्स्टर विद्यापीठांत प्राध्यापकाची जागा मिळाली. इमारतीवर ह्या साऱ्याची आठवण देणारी पाटी लागली ती १९८८ सालीं. २०१४ सालीं जवळच बांधकामासाठीं खणतांना मानवी हाडें सांपडलीं. मागाहून रीतसर उत्खनन झालें आणि हजारों तुकडे निघाले. तीं हाडें कोणाचीं, आफ्रिकेंतून आणलेल्या संग्रहांतलीं कीं छावणींतलीं, हें ठरविण्यासाठीं त्यांची पुन्हां चिरफाड करावयाची नाहीं असें ठरलें. २०२३ च्या मार्च महिन्यांत डालेमच्याच स्मशानभूमींत तीं एकत्र पुरण्यांत आलीं.

पाटीसमोर आमचीं मुलें बराच वेळ उभीं होतीं. राइखस्टागमधील अक्षरांना रंग द्यावा असें म्हणणारा विद्यार्थीही ह्या नऊ जणांत होता. तो म्हणाला, 'हे लोक आपलीं पापें पाट्यांवर लिहितात, हें मला आतां समजूं लागलें आहे. पण त्रेचाळीस वर्षें लागलीं कीं!' त्याचा हिशेब बरोबर होता. जर्मन लोकांची ही सवय जन्मजात नव्हे. बापांनीं जें झांकलें तें मुलांनीं व नातवंडांनीं भांडून उघडें केलें. त्यामुळें त्यांच्याकडे पाहून आपण नुसत्या माना डोलविण्याचें कारण नाहीं. त्यांचा कित्ता गिरवितां येईल कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

परततांना गाडींत जें बोलणें झालें, तें आमच्या मतें ह्या सहलीचें खरें फळ. आम्हांस घेऊन येणारी ती मुलगी सांगूं लागली. 'आमच्याकडे मोठ्या बहिणीचें लग्न ठरवितांना आजी मुलांचे फोटो पाहून नाक, डोळे, रंग ह्यांचे गुण मांडीत होती. घारे डोळे म्हणजे अस्सल, असें ती म्हणते. आजी फार प्रेमळ आहे; दारीं आलेल्याला उपाशी जाऊं देत नाहीं. पण पाटी वाचतांना मला एकसारखी तीच आठवत होती.' दुसरा विद्यार्थी उसळून म्हणाला, 'कुठें आजी आणि कुठें तो फिशर! तुलना तरी नीट करावी.' त्यावर ती शांतपणें म्हणाली, 'तुलना करीत नाहीं. आजीजवळ मोजपट्टी नाहीं आणि सरकारही नाहीं. पण कल्पना कुठची, एवढेंच विचारतें आहे.'

हा संवाद आम्ही येथें मुद्दाम उतरून घेतला, कारण तो आमच्या वाचकांच्या घरांशीं निगडित आहे. आपल्या सुशिक्षित कुटुंबांत अमुक वर्ण, अमुक नाक, अमुक डोळे हीं कुलीनतेचीं लक्षणें समजण्याची चाल अद्याप गेलेली नाहीं. 'आपण मूळचे आर्य' हें वाक्य बैठकींत सहज बोललें जातें. विवाहाच्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द पदवीच्याही आधीं येतो. ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु असतो असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. कुळाचा अभिमान ज्याच्या त्याच्या ठिकाणीं योग्य. आजोबांची विद्या, पणजीचा सोशिकपणा, घराण्याचा चोख व्यवहार ह्यांचा अभिमान धरणारा मनुष्य सहसा वाईट वागत नाहीं. परंतु तो अभिमान विद्येवरून घसरून नाकाडोळ्यांवर आला, म्हणजे तो आपल्या कर्तृत्वाचा राहत नाहीं. इरावतीबाईंचें उदाहरण ह्या कामीं फार उपयोगी आहे. त्या मापनशास्त्र टाकून पळाल्या नाहींत. पुढें डेक्कन कॉलेजांत असतांना त्यांनीं महाराष्ट्रांतील अनेक जातीजमातींचीं मापें घेतलीं, आणि त्या कामाबद्दल आजचे अभ्यासक कांहीं खडे प्रश्नही विचारतात. तरीही स्वतःच्याच जातीवर प्रबंध लिहून निघालेल्या तरुण विद्यार्थिनीनें बर्लिनमध्यें गुरूच्या आवडत्या मतावर मोजपट्टी लावली आणि तें मत उणें भरलें, ही गोष्ट कायमची उरते.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्या आईबापांस आमची एक विनंती आहे. रविवारीं दूरध्वनीवर बोलतांना जेवलास का, थंडी किती, नोकरीचें काय, हे प्रश्न अवश्य विचारावेत. ते मायेचे आहेत. त्यांच्या जोडीस आणखी एक प्रश्न असावा. तेथें तूं असें काय पाहिलेंस, कीं ज्यामुळें आपल्या घरांतील एखादी समजूत तपासून पाहावी असें तुला वाटलें? पुष्कळदां उत्तर येणार नाहीं. कधीं आलेंच, तर तें ऐकून रागावूं नये. मुलें दूर जाऊन परकीं झालीं अशी तक्रार आपण करतों. परंतु जें मूल आपल्या आजीचा विचार बर्लिनच्या भुयारी गाडींत बसून करतें, तें घरापासून दूर गेलेलें नाहीं.

पोट्सडामला गेलेल्या मंडळींचा दिवसही चांगला गेला. सांसूसी राजवाड्याच्या पायरीपायरीच्या द्राक्षबागा त्यांस फार आवडल्या, आणि आम्हांस त्याबद्दल आनंदच आहे. सौंदर्य पाहणें हें कांहीं कमी प्रतीचें काम नव्हे. रात्रीं पुन्हां रस्साभात झाला आणि दोन्ही मेळ्यांनीं आपापला वृत्तांत सांगितला. पुढल्या वर्षीं व्हिएन्नाचा बेत आहे. तेथें राजवाड्यांबरोबर आणखी काय पाहावें, ह्याची यादी करण्याचें काम त्या जीवशास्त्राच्या मुलीकडे एकमतानें सोंपविण्यांत आलें आहे.